गलबतांच्या खेळाचे शुक्रवार

शुक्र. ४ जानेवारी २००२, अल् खुवैर, मस्कत
मैतू आज परत खेळातून रडत उठली. विकतचा व्यापाराचा खेळ. पाऊण तासात ती बाद, आणि पुढचे दोन तास आम्ही तिघं खेळतोय ते बघत बसली. विलास म्हणाला, "हरल्यावर रडायचं नसतं बेटा." ती म्हणाली, "हरले म्हणून नाही बाबा. आय हॅव नथिंग टू डू." दहा वर्षांची पोर, पण मुद्दा बरोबर आहे.

हमीदभाई जेवायला होते, नेहमीसारखे. ऑफिसात सगळ्यांचे व्हिसा आणि लेबर कार्डं तेच करतात. बायको-मुली जयगडला, म्हणून शुक्रवार आमच्याकडे. ताक पिता पिता म्हणाले, "ताई, आपणच करूया की एक खेळ. कोणी बाद नाय होणार असा."
"कशाचा?"
"गलबतांचा. माझा आजा कौलं भरून मस्कतला यायचा, जाताना खजूर न्यायचा. हायच की खेळ."
मी हसले. पण भांडी विसळताना डोक्यात चौकोन पडायला लागले होते.

शुक्र. ११ जाने.
ऑफिसातून प्लॉटरचा रद्दी कागद आणला. पुढे रस्त्याचं जुनं ड्रॉइंग, मागची बाजू कोरी. दिवसभर कंपनीचे रस्ते काढते, आज पहिल्यांदा समुद्र काढला. वर मस्कत, सूर. उजवीकडे जयगड, त्याखाली कालिकत. डावीकडे तळाला झांजीबार. मध्ये चौकोन.

गलबतं म्हणजे विलासने साइटवरून आणलेले केबलचे तांब्याचे लग, रंगीत टेप गुंडाळून. कौलं = तूरडाळ. खजूर = राजमा. लाकूड = काडेपेटीच्या काड्या. सुकी मासळी = साबुदाणा. (साबुदाणा रद्द. विलासच्या एका शिंकेत सगळी मासळी गालिच्यात.)

हमीदभाईंनी बरोबर सालिमला आणलं. सूरचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. हमीदभाईंच्या हाताखाली सरकारी कामं शिकतोय, त्यांच्यासारखा मंदूब व्हायचंय त्याला. हिंदी छान बोलतो, मुंबईच्या सिनेमातली. खेळ बघून म्हणाला, "इस में हवा किधर है? हवा नहीं तो जहाज कैसे चलेगा?"

साडेचार तास खेळलो. एकालाही झांजीबार दिसलं नाही.

मंगळ. १५ जाने.
लंच ब्रेकमध्ये सालिम आणि हमीदभाई माझ्या टेबलाशी. हवेचे पत्ते करायचे ठरलं. सहा महिने ईशान्येचा वारा: भारतातून इकडे यायचं, इथून झांजीबारला जायचं. सहा महिने नैऋत्येचा: सगळं उलट. वारा पाठीशी असेल तर चार चौकोन, समोरून असेल तर एक. वारा नेमका कधी पलटणार ते कोणाला ठाऊक नाही, तो पत्ता गड्डीत कुठेतरी.

जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या पाठीवर बाण काढले. ऑफिस मॅनेजर येऊन उभा राहिला, तेव्हा हमीदभाई गंभीरपणे "हे लेबर मिनिस्ट्रीचं" म्हणाले. तो निघून गेला.

शुक्र. २५ जाने.
तिसरी चाचणी. अडीच तास. सुधारणा म्हणायची.
मैतू जिंकली, पण कशी? सूर ते मस्कत, मस्कत ते सूर, एवढंच करत राहिली. दोन चौकोनांचं अंतर. आम्ही तिघं हिंदी महासागरात हेलपाटतोय आणि ही बाई शटल सर्व्हिस चालवतेय.
हमीदभाई: "अगं, असा कोण धंदा करतो?"
मैतू: "रूल्समध्ये नो नाहीये, अंकल."
नवा नियम: एकाच किनाऱ्यावरची बंदरं एकमेकांचा माल घेत नाहीत. मैतूला चाचणी-प्रमुख नेमलं. तिने वहीवर तसं लिहूनही घेतलं.

शुक्र. ८ फेब्रु.
भांडण. मजेत सुरू झालं, मजेत राहिलं नाही.
हमीदभाईंना वादळात गलबत बुडायला हवं. "समुद्र हाय ताई, बाथटब नाय." मी म्हणाले, बुडालं की माणूस बाद, मग हा खेळ केला कशासाठी? ते ऐकेनात. त्यांच्या आज्याचा भाऊ असाच गेला होता, हे आज कळलं. मग मी वाद सोडला.
शेवटी सालिम म्हणाला, "हमारे उधर तूफान आता है तो पहले माल फेंकते हैं. माल गया, आदमी घर आ गया."
तोच नियम ठेवला. हमीदभाईंनी पहिल्याच वादळात सगळी कौलं गमावली आणि खूश झाले.

सोम. २५ फेब्रु., सूर
ईदची सुट्टी. सालिमने आम्हाला आणि हमीदभाईंना घरी बोलावलं. इब्रावरून चार तास, मैतूला दोनदा उलटी. बरोबर खेळाची गुंडाळी.

सालिमचं घर खाडीजवळ. बायकांच्या खोलीत मला आणि मैतूला इतका हलवा खायला घातला की बोलता येईना. दुपारी त्याचे आजोबा अंगणात चटईवर बसले. ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी गलबताचे नाखुदा होते, झांजीबारला किती वेळा गेले ते त्यांनाच माहीत नाही. सालिमने त्यांच्यापुढे खेळ पसरला, नियम अरबीत सांगितले. म्हातारा मान हलवत राहिला. आपलं लाल गलबत उचलून बोटांत फिरवलं, सूरला ठेवलं.

पहिला पत्ता: उलटा वारा. आम्ही निघालो. ते बसून राहिले. दुसरा पत्ता: उलटा. ते बसून. कहवा मागवला. सालिम अरबीत म्हणाला (मग आम्हाला सांगितलं), "आजोबा, तुमची पाळी." उत्तर: "दिसतंय मला. या वाऱ्यात कोण जातं?"
सात पाळ्या! आठव्या पत्त्याला वारा पलटला, आणि ते झांजीबारला जाऊन, लाकूड भरून, पुढच्या पलटीला थेट सूरला आले. एकदाच. आम्ही सगळ्यांनी मिळून आणलं त्याहून जास्त माल त्यांच्यापुढे.

हमीदभाई आनंदाने मांडीवर थाप मारत होते. माझा मात्र चेहरा पडला. कारण मैतूने माझ्या कानात सांगितलं ते खरं होतं: "मम्मा, मग सगळेच बसून राहतील. गेम इज ब्रोकन."

मी सालिमकडून विचारून घेतलं: खरोखर असेच बसून राहायचात का? काहीच तोटा नव्हता?
म्हातारा माझ्याकडे पाहून हसला. सालिमने भाषांतर केलं: "बोलते हैं, आदमी बैठता है, घर का मुँह नहीं बैठता. घर रोज खाता है."

परतीच्या वाटेवर सगळे त्यावरच विचार करत होते. इब्राला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा विलास म्हणाला, "बंदरात थांबलं की दर पाळीला एक खजूर कमी." मी हे कॅशमेमोच्या मागे लिहिलं.

शुक्र. १ मार्च
चालतंय! थांबलं तर घर खातं, निघालं तर वारा खातो. आता प्रत्येक पाळीला डोकं खाजवावं लागतं. पावणेदोन तास. मैतूने वहीत "नॉट ब्रोकन" असा शेरा दिला.
हमीदभाई दोनदा म्हणाले, मे महिन्याच्या आत सगळं पुरं करूया. घाई कसली विचारलं तर म्हणाले, "अशीच."

शनि. ९ मार्च
आज कळलं. कँटीनमध्ये अकाउंट्सच्या मुलीकडून, तेही सहज बोलण्यातून. मंदूबचं पद आता ओमानी माणसालाच द्यायचं, कायदा आहे. हमीदभाईंचा व्हिसा ३१ मेपर्यंत. पुढे नाही.
त्यांची जागा सालिमला. म्हणजे गेले काही महिने हमीदभाई त्याला आपलीच खुर्ची समजावून देत होते.
त्यांना गाठलं. "तुम्हाला कधीपासून माहीत?"
"डिसेंबरपासून."
"आणि सांगितलं नाहीत?"
"सांगून काय, ताई? तुम्ही मला जेवायला वाढताना तोंड पाडून वाढलं असतं."
सालिमला माहीत होतं का? नाही म्हणाले. त्याला वाटतंय की हमीदभाईंना दुसऱ्या शाखेत पाठवतायत.

मी आज ऑफिसात एकही रेघ सरळ काढली नाही.

शुक्र. १५ मार्च
सालिम आला नाही. त्यालाही कळलंय. बुधवारपासून तो हमीदभाईंच्या समोर बसत नाही, फाइल घेऊन जिन्यात उभा राहतो.
चौघं खेळलो. हमीदभाईंनी त्याचं लाल गलबत सूरला नुसतं मांडून ठेवलं, आणि दर पाळीला त्याच्या वाट्याचा एक राजमा काढत गेले. मैतू म्हणाली, "अंकल, ही इज नॉट प्लेइंग." ते म्हणाले, "घर तर खातंय ना त्याचं."
मला उठून आत जावं लागलं.

शुक्र. २२ मार्च
बरा दिवस. लिहून ठेवायलाच हवा.
जुम्म्याच्या नमाजनंतर हमीदभाई सालिमच्या खोलीवर गेले आणि त्याला गाडीत घालूनच आणलं. दारात तो चपला काढेना. म्हणाला, "मैं ने आप का रोटी लिया."
हमीदभाई म्हणाले, "तू नाय घेतलास तर दुसरा घेईल, आणि त्याला मी शिकवलेलं नसेल. मग ताईचं लेबर कार्ड तीन महिने लटकेल. तुला चालेल ते?" हे सगळं मराठीत. सालिमला अर्धंच कळलं असणार. मग हिंदीत, हळू: "मेरी दो बेटी हैं. बड़ी चौदह साल की. चौदह साल में उस के साथ पूरा सवा महीना कभी नहीं रहा. तू रो मत मेरे लिए."
सालिम तरी रडलाच. विलास उगाचच बाल्कनीत कपडे काढायला गेला.
मग खेळलो. सालिम जिंकला. हमीदभाईंनी आरोप केला की तो रडून सहानुभूतीवर जिंकला. पहिल्यांदा सगळे हसलो.

आणि एक नवा नियम सापडला. हमीदभाई बंदरात थांबले होते, म्हणाले, बंदरात बसलेला माणूस काय करतो? दुसऱ्या खलाशांकडून बातमी काढतो. म्हणून: थांबलात तर एक खजूर द्या, पण वरचा हवेचा पत्ता गुपचूप बघा. मग खोटं बोलायलाही मुभा. मैतू इतकं सुंदर खोटं बोलली की मला आई म्हणून काळजी वाटायला हवी होती.

शुक्र. १९ एप्रिल
जयंतीचा कार्यक्रम, आपल्या लोकांनी मिळून घेतलेल्या हॉलमध्ये. वंदना, भाषणं, मुलांची नाटुकली, जेवण. जेवणानंतर मी नियमांचा कागद आणि खेळ एका टेबलावर ठेवला आणि चार अनोळखी माणसांना बसवलं. अट अशी की आम्ही एक शब्दही बोलायचा नाही. हमीदभाई आणि सालिमही आले होते, खांबाआड उभे.

नियम मी तीनदा सुबक अक्षरात लिहिले होते. "बंदरात थांबल्यास एक खजूर खावा." टेबलावर पाहुण्यांसाठी खजुराची बशी. नागपूरच्या एक काकू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, थांबल्या आणि शांतपणे एक खजूर खाल्ला. पुढच्या पाळीला परत थांबल्या, परत खाल्ला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही. राजम्याला कोणी हात लावेना. बशी संपली तेव्हा काकूंनी मागे वळून विचारलं, "आता खेळ थांबवायचा का? की अजून आणता?"
सालिम खांबाआड खाली बसला होता, तोंडावर रुमाल.

घरी येऊन नियम नव्याने लिहायला घेतले. "खावा" कुठेही नाही. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. काकू जाताना म्हणाल्या, "खेळ गोड आहे तुमचा."

शुक्र. ३ मे
नवे नियम, दीड पान. मैतूने वाचून दाखवले आणि ती जिथे जिथे अडली तिथे विलासने खूण केली. पोरीचं मराठी वाचन त्या निमित्ताने सुधारलं. "ईशान्य" ती अजून "इशा नय" वाचते, पण कुठली दिशा ते झोपेतही सांगेल.
सालिमने सूरहून शिडाचं जाड कापड आणलं, तीन तुकडे. तीन नकाशे रंगवायचे: एक आमच्याकडे, एक सूरला, एक जयगडला. रंग ऑफिसचा नाही, विकत आणला. मॅनेजर हल्ली माझ्या टेबलापाशी जरा जास्तच रेंगाळतो.

बुध. २९ मे
हमीदभाई गेले.
सीबच्या विमानतळावर आम्ही तिघं आणि सालिम. गाडी सालिमने चालवली. सामान: दोन बॅगा, एक ब्लँकेट, आणि काखेत कापडाची गुंडाळी. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, यात काय. हमीदभाई म्हणाले, "समंदर." त्याने उलगडायला लावलं. मग दोघं तिघं जमले, आणि आत जायच्या आधी हमीदभाई काउंटरवर त्यांना झांजीबारचा रस्ता समजावत होते. आम्ही काचेतून बघत होतो.
मैतूने त्यांना चाचणी-प्रमुखाची वही दिली. म्हणाली, "अंकल, जयगडची टेस्ट तुम्ही लिहा. ऑनेस्टली."
आज मंत्रालयात सालिम एकटा गेला. सगळे कागद एका फेरीत झाले.

शुक्र. ७ जून
काहीच केलं नाही. पाच पानं वाढली, एक परत ठेवलं.

शुक्र. १४ जून
जयगडहून फोन. आवाज तुटक. गावातल्या चार जणांना बसवलंय, त्यांतले दोघे जुने खलाशी. एकाने आमच्या नकाशावरची खाडी चुकीची आहे म्हणून पेनने दुरुस्त केली. थोरली मुलगी सलग तीनदा जिंकली. "माझ्याकडे बघून हसते, ताई. आधी घाबरून असायची, पाहुणा आल्यासारखी."
काम काय चाललंय विचारलं. "बघतोय," म्हणाले.

शुक्र. २८ जून
सालिम दुपारी आला, आज खेळायला नाही. हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्याच्या मामाचं सूरला गलबतं बांधायचं आवार आहे, तिथे लाकडाच्या खरेदीचं आणि कागदपत्रांचं बघायला माणूस हवाय. मामा व्हिसा काढायला तयार आहे. सालिमने महिनाभर खेटे घालून त्याला तयार केलंय, हे मला आत्ता कळलं. अर्ज भरलेला, फक्त पासपोर्टची प्रत आणि हमीदभाईंचा होकार हवा. "तुम पूछो," म्हणाला. "मैं पूछूँगा तो वो मेरे लिए हाँ बोल देगा."

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मागे बायकामुलांचा गलका, कोणीतरी जोरात "खोटं बोलतायत अब्बा!" म्हणतंय.
मी सगळं सांगितलं. सूर, मामा, आवार, व्हिसा. वर्षातून दोन महिने रजा, ते सालिमने मुद्दाम लिहून घेतलंय.
ते म्हणाले, "सालिम तिथे हाय?"
"समोर बसलाय."
"त्याला सांग, मी ऐकलं." फोनमध्ये मुलगी ओरडत होती, अब्बा, चला ना, अब्बा. मग त्यांचा आवाज, जरा लांबून, जरा हसरा: "ताई, माझी पाळी आलीय. ही सोडत नाय. खेळून सांगतो."
फोन ठेवला त्यांनी.

सालिमने विचारलं, "क्या बोला?"
"खेल रहा है. बाद में बोलेगा."
त्याने मान डोलावली. फोल्डर टेबलावर ठेवलं, चपला काढल्या आणि बसला. मी चहा टाकला. विलासने फोन उचलून टेबलाच्या मधोमध आणून ठेवला, वायर पुरेना म्हणून टेबलच ओढलं. मैतूने विचारलं, तोवर एक डाव मांडू का?
मांड म्हटलं.